पाण्याखालचा श्वास : स्कूबा शिकण्यापूर्वी समजून घ्यावयाच्या गोष्टी

पालघर जिल्ह्याला समुद्र नवा नाही. सातपाटी, केळवे, तारापूर, डहाणू ही नावे उच्चारताच होड्या, वलांडीवर सुकणारे बोंबील आणि ओहोटीचा चिखल डोळ्यांसमोर येतो. तरीही या समुद्राच्या पृष्ठभागाखाली काय आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले आहे. नद्यांनी आणलेला गाळ आणि भरती-ओहोटीचे मोठे चढउतार यांमुळे आपल्याकडील पाणी गढूळ असते. त्यामुळे महाराष्ट्रात स्कूबा डायव्हिंग वाढले ते मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडक आणि प्रवाळ तेथे पाहता येतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्थाही तारकर्लीलाच आहे. आपले अनेक माजी विद्यार्थी आता नोकरीला लागल्यावर तिकडे सहलीला जातात. नावेवर, इंजिनाच्या आवाजात, घाईघाईने दिलेल्या सूचना कानांवर पडतात आणि पुढच्या क्षणी माणूस पाण्यात असतो. या सूचनांमागील कारणे आधीच समजून घेतलेली असावीत, एवढ्यासाठी हा लेख. प्रत्यक्ष प्रशिक्षणाची जागा तो घेऊ शकत नाही.

स्कूबा म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्याची स्वयंपूर्ण यंत्रणा. फ्रान्समध्ये 1943 साली झाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. पाठीवरील टाकीत ऑक्सिजन असतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. नेहमीच्या डायव्हिंगसाठी तीत साधी, गाळलेली हवा दाबून भरलेली असते. 12 लिटरच्या टाकीत 200 पट दाबाने सुमारे 2400 लिटर हवा मावते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत दिसणारी 200 लिटरची बारा पिंपे भरतील इतकी. रेग्युलेटर हे उपकरण ही हवा सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडात देते.

या विषयाचे सारे मर्म ‘दाब’ या एका शब्दात आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्यावर एक वातावरण इतका दाब असतो. समुद्रात प्रत्येक 10 मीटर खोलीला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. 10 मीटरवर दाब दुप्पट, 20 मीटरवर तिप्पट, 30 मीटरवर चौपट. बॉइलच्या नियमानुसार दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. नववी-दहावीचे विज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्याला पुढील नियम यातून स्वतःच काढता येतील.

पहिला नियम कानांचा. खाली जाताना कानाच्या पडद्यामागील हवा आकुंचन पावते आणि पडदा आत ढकलला जातो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारावी, म्हणजे दोन्हीकडचा दाब समान होतो. हे दुखू लागण्यापूर्वी आणि वारंवार करावयाचे असते. दुखले तर थोडे वर यावे. जोर करू नये. सर्दी असताना पाण्यात उतरू नये.

दुसरा नियम सर्वांत महत्त्वाचा : श्वास कधीही रोखून धरू नये. 10 मीटरवर भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. श्वास कोंडून वर आल्यास फुप्फुसाला इजा होते आणि ती जिवावर बेतू शकते. दाबातील सर्वांत मोठा प्रमाणबद्ध फरक वरच्या 10 मीटरांतच होतो, त्यामुळे उथळ पाणी आपोआप सुरक्षित ठरत नाही. पोहताना श्वास रोखण्याची लागलेली सवय येथे जाणीवपूर्वक मोडावी लागते.

तिसरा नियम सावकाश वर येण्याचा. दाबाखाली श्वासातील नायट्रोजन शरीरात अधिक विरघळतो. वर येण्याची घाई केली तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, प्रसंगी पक्षाघात होतो. पुलांच्या पायासाठी पाण्याखाली, दाबयुक्त हवेच्या पेट्यांत राबणाऱ्या मजुरांनी एकोणिसाव्या शतकात हे दुखणे भोगले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंगही त्यातून सुटले नाहीत. टप्प्याटप्प्याने वर येण्याची शास्त्रीय कोष्टके जॉन स्कॉट हाल्डेन यांनी 1908 साली प्रसिद्ध केली. त्यांचे पुत्र, जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, पुढे भारताचे नागरिक झाले. आजही वर येताना 5 मीटरवर सुमारे तीन मिनिटे थांबण्याची पद्धत आहे, आणि डायव्हिंगनंतर लगेच विमानप्रवास वर्ज्य मानला जातो.

पाण्याखाली बोलता येत नाही. हातांच्या खुणा हीच भाषा. अंगठा वर केला की आपण ‘छान’ समजतो. तेथे त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. ‘ठीक आहे’ सांगण्यासाठी अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करतात. हा फरक आधीच पाठ असलेला बरा.

सहलीतील एकदाचा अनुभव आणि प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात प्रशिक्षक आपल्याला धरून नेतो. ‘ओपन वॉटर’ या प्राथमिक अभ्यासक्रमात वर्ग, तलावातील सराव आणि समुद्रातील डाइव्ह असतात. त्यानंतर 18 मीटरपर्यंत जोडीदारासह जाता येते. त्यासाठी पोहता येणे आणि तरंगत राहणे आवश्यक असते. आपल्या मुलामुलींनी पोहणे शिकणे हीच म्हणून खरी पहिली पायरी.

अखेरची गोष्ट आरोग्यपत्रकाची. दमा, हृदयविकार, फीट, कानाची शस्त्रक्रिया यांविषयी त्यात विचारणा असते. सोबती हसतील किंवा भरलेले पैसे वाया जातील, या संकोचाने खोटे उत्तर लिहिणारे असतात. पाण्याचा दाब कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही. खरे लिहावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नावेवर बसल्यानंतरही मन कचरले तर ‘मी उतरणार नाही’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. त्यात कमीपणा नाही. कोणी सांगितले म्हणून उडी मारू नये आणि कोणी घाबरवले म्हणून मागेही सरू नये. कारण समजून घ्यावे, प्रश्न विचारावेत आणि मग निर्णय आपला आपण घ्यावा.