सर्व्हर कुणाच्या खोलीत?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची मोफत अपडेट्स थांबली आणि धडधाकट चालणारे संगणक एका तारखेने म्हातारे ठरले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ३४९ डॉलरचा ‘विंडोज ३६५ लिंक’ नावाचा डबा बाजारात आणला. वापरणाऱ्याची एकही फाइल त्यात राहत नाही. सगळे काम कंपनीच्या क्लाउडवर, वर्गणी भरून. याला नवलाई म्हणण्याआधी थोडे मागे जायला हवे. मेनफ्रेमचे हिरवे पडदे सोडून देऊ, १९९६च्या सुमारास ओरॅकलच्या लॅरी एलिसन यांनी केलेला ‘नेटवर्क कॉम्प्युटर’चा गाजावाजाही सोडू, त्यातून हाती फारसे लागले नाही. थांबावे ते १९९९ नंतरच्या दशकापाशी. त्या वर्षी सन मायक्रोसिस्टिम्सने ‘सन रे’ हा स्वतःची डिस्क नसलेला, सर्व्हरच्या जिवावर चालणारा डबा आणला आणि लिनक्सवाल्यांचा एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, सुरू झाला. एलटीएसपीत हार्डडिस्क काढलेला जुना पीसीही चाले: सुरू होताच तो सर्व्हरकडून पत्ता घेई, कर्नल उतरवी आणि पुढे फक्त कीबोर्ड, माउस, पडदा सांभाळी. सन रेची ऐट वेगळीच. स्मार्टकार्ड काढून दुसऱ्या टेबलावर घातले की अर्धवट पत्र जसेच्या तसे तिथे हजर! डबा चोरीला गेला तरी त्यात माहितीच नसे. आणि सर्व्हर असे त्याच संस्थेच्या खोलीत.

सर्व्हर बसला की अख्खे कार्यालय बसते, व्हिडिओ अडखळतो, हे तेव्हाचे आक्षेप खरेच होते. पण क्लाउडवर ती जोखीम टळलेली नाही. उलट मधली इंटरनेट लाइन वाढली आणि दुरुस्ती आपल्या माणसाच्या हातून गेली. पीसी स्वस्त झाले म्हणून हा मार्ग मागे पडला, असेही सांगतात. ते अर्धेच खरे. दर टेबलावरच्या देखभालीचा खर्च खरेदीच्या बिलात दिसत नाही आणि खरेदी करणाऱ्यांनी बिलच पाहिले. अर्थात त्या दशकाचे नुसते गोडवे गाऊनही चालणार नाही. सन रे आपल्याच कंपनीचा प्रोटोकॉल बोले. २०१०मध्ये ओरॅकलने सन ताब्यात घेतली, पुढे २०१३मध्ये हे उत्पादन गुंडाळायचे जाहीर केले, आणि त्या सर्व्हर सॉफ्टवेअरवाचून तो देखणा डबा निरुपयोगी ठरला. सर्व्हर आपल्या खोलीत असून भागले नाही, कुलूप दुसऱ्याचे होते. खुला एलटीएसपी मात्र २०१९मध्ये नव्याने लिहिला गेला. आजही, विंडोज ११ने नाकारलेला पीसी दूरच्या सर्व्हरचा पडदा दाखवायला पुरून उरतो. तरी कार्यालये तो भंगारात काढतात आणि माणशी दरमहा भाड्याची कोटेशने मागवतात.