थेरपिस्टकडे पहिल्यांदाच जाताय? त्या पहिल्या तासात नेमकं काय होतं?

गुगलवर 'काउन्सेलर निअर मी' असं टाकलं की पुण्या-मुंबईतच काय, नाशिक-कोल्हापुरातही बरीच नावं समोर येतात. नंबर सेव्ह होतो. फोन मात्र कित्येक आठवडे होत नाही. काय विचारतील? वेडं ठरवतील का? घरी कळलं तर? त्यात स्थळं बघायला सुरुवात झाली असेल, तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा होऊन बसतो.

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, वेगवेगळ्या मानसिक विकारांमध्ये उपचारांपर्यंत न पोहोचलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळलं होतं. तज्ज्ञांची कमतरता हे त्याचं एक कारण. आत गेल्यावर काय होतं हेच माहीत नसणं, हे दुसरं.

आधी हे पाहा: समोरची व्यक्ती कोण आहे?

आपण बोलताना सगळ्यांनाच 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषधं लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. समुपदेशक किंवा काउन्सेलर बहुतेकदा मानसशास्त्रात एमए केलेले असतात. हे दोघंही बोलण्यातून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत.

घोळ होतो तो 'थेरपिस्ट' या पाटीमुळे. काही दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून इन्स्टाग्रामवर स्वतःला थेरपिस्ट म्हणवणारेही आहेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने समुपदेशकांनाही नोंदणीच्या कक्षेत आणलं आहे, पण ती यंत्रणा उभी राहायला वेळ लागतो आहे. तोवर चौकशीची जबाबदारी आपलीच. शिक्षण काय, कुठे झालं, आरसीआय नोंदणी असेल तर क्रमांक काय, माझ्यासारख्या अडचणीवर आधी काम केलंय का, हे फोनवरच विचारा. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नांचा राग येत नाही. आला, तर तेही एक उत्तरच आहे.

पहिलं सेशन

सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं. सुरुवातीला एक फॉर्म भरून घेतात. त्यात नाव, वय, आधीचे आजार, चालू असलेली औषधं आणि अडीअडचणीला कुणाला फोन करायचा त्याचा नंबर असतो. शेवटी संमतिपत्र असतं. ते न वाचता सही करू नका. फी, रद्द करण्याचे नियम आणि गोपनीयता सगळं त्यातच असतं.

मग प्रश्न येतो, "काय वाटलं म्हणून आलात?" उत्तर पाठ करून जायची गरज नाही. "कुठून सुरू करू कळत नाही," हे वाक्यही चालतं. त्यानंतर झोप, भूक, काम, घरात कोण कोण आहे, असे प्रश्न येतात. ते साधे वाटतात, पण झोप आणि भूक यांवरून बरंच काही समजतं. "कधी जीव द्यावासा वाटला का?" असंही विचारलं जाईल. दचकू नका, हा नेहमीच्या तपासणीचा भाग आहे. अशा विचारण्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट अनेकांना मोकळं वाटतं.

रडू आलं तर? बहुतेक ठिकाणी टिश्यूचा डबा समोरच असतो, त्यावरून काय ते समजा.

एक अपेक्षा मात्र बाहेर ठेवून जा, ती म्हणजे सल्ल्याची. नोकरी सोडू का, लग्नाला हो म्हणू का, याचं उत्तर थेरपिस्ट देत नाहीत. सल्ला द्यायला आपल्याकडे काका-मामा कमी नाहीत. थेरपिस्ट प्रश्न विचारतात, तुमच्या विचारांतल्या गाठी दाखवतात. अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, जी मराठीत 'विवेकनिष्ठ' उपचारपद्धती म्हणून ओळखली जाते, त्यात तर 'असं व्हायलाच हवं' या हट्टावरच बोट ठेवलं जातं. पहिल्या तासानंतर हलकं वाटेलच असं नाही. काही जण थकून घरी येतात, आणि तेही स्वाभाविक आहे.

घरी कळेल का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. तुम्ही सज्ञान असाल, तर आईने फोन करून विचारलं तरी थेरपिस्टने काही सांगायचं नसतं. अपवाद आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा न्यायालयाने माहिती मागितली असेल. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवावी लागते. हे अपवाद पहिल्याच भेटीत समजावून घ्या.

खरी अडचण कायद्याची नसते, भिंतींची असते. वन-रूम-किचनमध्ये ऑनलाइन सेशन कुठे घ्यायचं? गच्ची, पार्क केलेली गाडी, मैत्रिणीचं घर, असे मार्ग लोक शोधतात. थेरपिस्टला तसं सांगितलं, तर तेही वेळ जुळवून घेतात.

पैसे किती?

शहर आणि अनुभवानुसार एका सेशनचे काहीशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं, असं २०१७ चा कायदा म्हणतो. पण अनेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे समुपदेशनाचा खर्च बहुधा खिशातूनच होतो. फी कमी होईल का, हे विचारायला लाजू नका. काही थेरपिस्ट उत्पन्नाप्रमाणे फी घेतात.

पटलं नाही तर?

दोन-तीन सेशन द्या. तरीही बोलताना अवघडल्यासारखं होत असेल, तर तसं त्यांना सांगा, नाहीतर बदला. कारण देण्याचं बंधन नाही. मात्र जात, धर्म, लैंगिकता किंवा कपड्यांवरून शेरे आले, सेशनबाहेर भेटायचा आग्रह झाला, 'चार भेटींत बरं करतो' अशी हमी मिळाली, तर तिसऱ्या भेटीची वाट पाहू नका.

आणि अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, पण आजची रात्रच कठीण वाटत असेल, तर थांबू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सुरू असते. तिथे मराठीतही बोलता येतं.