दूरशिक्षणातून शैक्षणिक प्रशासनाची पदवी : शिक्षकाची गुंतवणूक, शाळेचा लाभ

आपल्या देशात शिक्षक मुख्याध्यापक होतो, तो बहुतेक वेळा सेवाज्येष्ठतेने. वीस-पंचवीस वर्षे गणित किंवा भाषा शिकवणारी व्यक्ती एका आदेशाने शाळेची प्रशासक बनते. दुसऱ्या दिवसापासून तिच्या टेबलावर रोकडवही, पोषण आहाराचा हिशेब, सहकाऱ्यांच्या रजेचे अर्ज आणि वरिष्ठ कार्यालयाची पत्रे येऊन पडतात. या कामांची तयारी बी.एड.च्या अभ्यासक्रमात फारशी होत नाही. ही उणीव दूरशिक्षणातून भरून निघू शकते काय, आणि त्यासाठी शिक्षकाने खर्च केलेला पैसा व वेळ सार्थकी लागतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गरज किती मोठी?

२०२३-२४ च्या अधिकृत आकडेवारीनुसार देशात १४.७२ लाख शाळा, सुमारे ९८ लाख शिक्षक आणि २४.८ कोटी विद्यार्थी होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० हून अधिक, तर सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक मुले असतील, तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद आहे. साहजिकच असंख्य लहान शाळांत शिकवणे आणि शाळा चालवणे ही दोन्ही कामे एकाच शिक्षकाकडे असतात.

याच कायद्याने विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती आवश्यक ठरवली. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, तसेच समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा, अशी अपेक्षा आहे. समग्र शिक्षा योजनेतून शासकीय शाळांना पटसंख्येनुसार वर्षाला १० हजार ते १ लाख रुपये एकत्रित अनुदान मिळते. रक्कम लहान असली तरी प्राधान्य ठरवणे, पालकांना विश्वासात घेणे आणि हिशेब चोख ठेवणे ही कौशल्ये मोठ्या संस्थेइतकीच लागतात.

दोन प्रवाहांचा संगम

या संदर्भात १९६२ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. त्याच वर्षी युनेस्कोच्या सहकार्याने दिल्लीत शैक्षणिक नियोजक व प्रशासकांसाठी एक प्रादेशिक केंद्र उभे राहिले. तेच पुढे राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था म्हणून विकसित झाले. १९८२ मध्ये हैदराबादला देशातील पहिले मुक्त विद्यापीठ, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. इग्नूने शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासनाची पदव्युत्तर पदविका आणि शिक्षणशास्त्राच्या एम.ए.मध्ये शैक्षणिक व्यवस्थापन हा विशेष विषय उपलब्ध करून दिला. अशा रीतीने दोन्ही प्रवाह एकत्र आले.

खर्चाचे गणित

अर्थशास्त्रात वैकल्पिक खर्चाला महत्त्व आहे. नियमित पदवीसाठी शिक्षकाने दोन वर्षे बिनपगारी रजा घेतली, तर शुल्कापेक्षा बुडालेले वेतनच कितीतरी अधिक भरते. शिवाय लहान गावातील शाळा तेवढा काळ एका शिक्षकाला मुकते. दूरशिक्षणात हा खर्च जवळजवळ टळतो. पण तो वेळेच्या रूपाने द्यावाच लागतो. इग्नूच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. सहा श्रेयांकांच्या एका विषयाला १८० तास लागतात; रोज दीड तास काढला तरी चार महिने. घर, शेती, निवडणुकीची कामे सांभाळून हे तास काढणे सोपे नाही, विशेषतः शिक्षिकांना. नोंदणी करण्यापूर्वी हा हिशेब घरातील माणसांसह मांडावा.

या विद्यार्थ्याजवळ एक मोठे भांडवल मात्र असते : स्वतःची शाळा. ओडिशातील किंवा गडचिरोलीतील एखाद्या मुख्याध्यापकाने गळतीवरचा स्वाध्याय लिहिताना आपल्याच हजेरीपत्रकातून मुले कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या कारणाने अनुपस्थित राहतात हे शोधले, तर तो स्वाध्याय शाळा विकास आराखड्याचा पाया ठरू शकतो. उलट बाजारातून तयार स्वाध्याय आणून उतरवला, तर पदवी मिळेल, शाळेला काहीच मिळणार नाही.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातील पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. परंतु विद्यापीठ मान्यताप्राप्त असणे पुरेसे नाही. तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या शैक्षणिक सत्रासाठी आयोगाच्या यादीत असला पाहिजे. राज्य विद्यापीठांच्या दूरशिक्षणाला कार्यक्षेत्राची मर्यादा असते. त्यामुळे इंदूर किंवा बेळगावच्या मराठी शिक्षकाने ती आधी तपासावी. खासगी संस्थेला अभ्यासक्रम ठेक्याने चालवायला देण्यास मनाई आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतरची पदव्युत्तर पदवी एका वर्षात मिळवून देण्याचे आमिष दाखवले जात असेल, तर सावध व्हावे.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. शिक्षणशास्त्रातील एम.ए. आणि एम.एड. या एकच पदव्या नव्हेत. एम.एड. हा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या कक्षेतील व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. कोणत्या पदाला कोणती पदवी चालते, हे संबंधित राज्याचे सेवाप्रवेश नियम सांगतात. ज्याला पदव्युत्तर पदवीचा भार पेलणार नाही, त्याने एक वर्षाच्या पदविकेपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल.

धोरणाची बाजू

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने शिक्षक व मुख्याध्यापकांसाठी दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली आहे. पण बढती केवळ ज्येष्ठतेनेच होत राहिली, तर स्वखर्चाने शिकणाऱ्याला प्रोत्साहन कोठून मिळणार? या शिक्षणाचा खर्च एक शिक्षक करतो, लाभ मात्र शेकडो मुलांना होतो. जेथे लाभ समाजाचा असतो, तेथे खर्चाचा काही वाटा समाजाने उचलावा, हे अर्थशास्त्राचे जुने तत्त्व आहे. शुल्काची प्रतिपूर्ती, परीक्षेसाठी रजा आणि बढतीत या पदवीला योग्य वजन एवढे जरी राज्यांनी दिले, तरी रात्री दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या शिक्षकाचे श्रम शाळेच्या अंगणापर्यंत पोहोचतील.