मनातलं ऊन, भिंतीवरचं वर्ष

समोर एक कोरी, राखाडी भिंत आहे असं समजा. डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत राहायचं आणि मनात आणायचं नांदेडकडच्या लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेतलं भर दुपारचं ऊन. खंडोबाच्या देवळाकडे लागलेली रीघ, हवेत उधळलेला भंडारा, घोड्यांच्या बाजारात चकाकणाऱ्या पाठी. भिंतीवरचा उजेड तसूभरही वाढलेला नाही, तरी तुमच्या डोळ्यातली बाहुली आकसते. मग त्याच माळावरची अमावस्येची रात्र आठवा. बाहुली पुन्हा मोठी होते.

ओस्लो विद्यापीठातल्या ब्रूनो लँग आणि उनी सुलुटवेट यांनी 2014 मध्ये हे मोजून दाखवलं. त्यांच्या प्रयोगात लोहा तालुक्यातली यात्रा अर्थातच नव्हती. उन्हाने भरलेलं आकाश आणि अंधारी खोली अशा गोष्टी लोकांनी मनात आणल्या होत्या. बाहुली लहान-मोठी करणं सहसा कुणाच्या हातात नसतं. ते काम शरीर आपल्याला न विचारता करतं. तरीही नुसत्या कल्पनेतल्या उजेडाला ती खऱ्या उजेडासारखी उत्तर देते.

याच्याही आधी, 1995 मध्ये, अल्वारो पास्कुअल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानो न येणाऱ्या माणसांना पाच बोटांचा एक सोपा धडा दिला होता. एका गटाने तो रोज दोन तास, पाच दिवस वाजवला. दुसरा गट तेवढाच वेळ पियानोसमोर बसून बोट न हलवता तो धडा मनात वाजवत राहिला. बोटं हलवणाऱ्या मेंदूच्या भागाचा नकाशा दोन्ही गटांत बदलला होता. मनात वाजवणाऱ्यांचे हात प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांइतके तयार झाले नव्हते, पण नंतर एकदाच खरा सराव मिळाल्यावर त्यांनी ती कसर भरून काढली.

तेव्हा चित्र मनात धरणं म्हणजे रिकामटेकडेपणा नव्हे. नव्या वर्षाच्या तोंडावर व्हिजन बोर्ड करणाऱ्यांना मी म्हणूनच हसत नाही. मासिकातली चित्रं कापायची, हवं ते घर, हवी ती गाडी, हवी ती नोकरी एका पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि तो रोज दिसेल असा टांगायचा. 2006 साली आलेल्या रॉन्डा बर्न यांच्या ‘द सीक्रेट’ या पुस्तकाने आणि चित्रपटाने ही कल्पना जगभर नेली. त्यांचं म्हणणं असं, की जे मनात धराल ते विश्व तुमच्याकडे ओढून आणतं. या ओढून आणण्याला काडीचाही पुरावा नाही. तो भाग सोडून दिला तरी पुठ्ठा उरतोच, आणि खरी गंमत त्या पुठ्ठ्याची आहे.

लोहा, कंधार, मुखेडची पोरं दहावी झाली की नांदेडला किंवा लातूरला जातात. लातूर पॅटर्नचं नाव आता महाराष्ट्राला सांगावं लागत नाही. तिथल्या एखाद्या भाड्याच्या खोलीत डोकावलं तर कॉटच्या वर भिंतीला कागद चिकटवलेला असतो. स्टेथोस्कोपचं चित्र, सरकारी मेडिकल कॉलेजच्या इमारतीचा फोटो, खाली स्केचपेनने ‘नीट 720 पैकी 650’. त्या पोराने व्हिजन बोर्ड हा शब्द ऐकलेलाही नसेल, पण केलाय तोच. शेत गहाण टाकून क्लासची फी भरलेली असेल तर त्या कागदाकडे बघायला धीर लागतो, ते वेगळं.

प्रश्न असा, की रोज पहाटे त्या स्टेथोस्कोपकडे बघून त्याचा अभ्यास वाढतो का?

गॅब्रिएले ऑटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर जवळपास हाच प्रश्न लावून धरला. 1991 मध्ये त्यांनी आणि थॉमस वॉडन यांनी वजन कमी करायला आलेल्या 25 स्त्रियांचा वर्षभर माग ठेवला. ‘मला जमेल’ अशी खात्री ज्यांना होती, त्यांचं वजन जास्त उतरलं. इथवर ठीक. पण आपण बारीक झालोय, मैत्रिणी कौतुक करतायत, अशी गोड चित्रं मनात रंगवणाऱ्या स्त्रियांचं वजन, उलटी किंवा शंकेची चित्रं बघणाऱ्यांपेक्षा सुमारे 11 किलोंनी कमी उतरलं. खात्री आणि स्वप्नरंजन, दोन्हींना आपण ‘सकारात्मक विचार’ याच डब्यात टाकतो. वर्षअखेर वजनकाट्यावर दोन्ही एकमेकांच्या उलट निघाले.

पुढे 2002 मध्ये पदवीधरांचा अभ्यास आला. नोकरीची सुखस्वप्नं जास्त रंगवणाऱ्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले होते, त्यांना नोकऱ्याही कमी मिळाल्या आणि पगारही. असं का व्हावं, याचा धागा 2011 मध्ये हेदर कॅप्स आणि ऑटिंगन यांना रक्तदाबाच्या यंत्रात सापडला. इच्छा पूर्ण झाल्याचं चित्र मनात रंगवायला सांगितलं की माणसांचा वरचा रक्तदाब खाली येत होता. कामाला भिडताना शरीर तो थोडा चढवून ठेवतं. इथे उलट होत होतं. बाहुली जशी खोट्या उन्हाला फसते, तसं सगळं शरीरच खोट्या यशाला फसतं आणि दमून घरी आल्यासारखं सैल पडतं.

मग चित्र काढून टाकायचं? तर नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लिएन फाम आणि शेली टेलर यांनी परीक्षेआधी विद्यार्थ्यांना रोज काही मिनिटं चित्र मनात आणायला लावलं. 1999 मध्ये निकाल छापून आले. काहींनी फलकावर आपले चांगले मार्क बघितल्याचं चित्र आणलं. काहींनी आपण अभ्यासाला बसलोय, टीव्ही बंद केलाय, पुस्तक उघडलंय, असं. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला, जास्त तास केला आणि मार्कही जास्त मिळवले. नुसत्या मार्कांचं चित्र बघणाऱ्यांचा अभ्यास कमी भरला. फरक पडला तो चित्रात काय आहे याने. लातूरच्या भिंतीवर स्टेथोस्कोपऐवजी पहाटे पाचचं घड्याळ आणि उघडी वही यांचा फोटो असता तर तो जास्त कामाला आला असता. दिसायला अगदीच रटाळ, हे कबूल.

आणि काहींना मनात चित्र दिसतच नाही. 1880 मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना आपलं सकाळचं न्याहारीचं टेबल आठवून किती स्पष्ट दिसतं ते लिहायला सांगितलं, तेव्हा चांगले शिकलेसवरलेले लोक म्हणाले की दिसतं म्हणजे काय? शंभरातले एक ते चार जण असे असावेत असा अंदाज आहे. 2015 मध्ये अ‍ॅडम झीमन यांनी या प्रकाराला ‘अफँटेझिया’ हे नाव दिलं, आणि 2022 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की कल्पनेतल्या उजेडाने अशा माणसांची बाहुली आकसत नाही. आठवणी असतात, हुशारी असते, फक्त पडदा कोरा. माझ्या मते कागदावरच्या चित्राचा खरा उपयोग या लोकांना असावा, कारण मनात जे उभं राहत नाही ते निदान भिंतीवर उभं राहतं.

मराठी घरांना वर्षाचं चित्र काढणं नवं नाही. चैत्र हा आपला पहिला महिना. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. त्या महिन्यात अंगण सारवून त्यावर रांगोळीने चैत्रांगण काढायची रीत होती. अजूनही काही घरांत आहे. सगळ्यांच्या अंगणात मात्र ती कधीच नव्हती. मधोमध मखरात गौर, वर तोरण, बाजूला गुढी. मग सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मं, लक्ष्मीची पावलं, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती, मोर, नाग, कासव, आंबा, नारळ. त्यातच फणी, आरसा, कुंकवाचा करंडा, पाळणा. काही जणी 51 चिन्हं मोजून काढतात. आकाशातल्या ग्रहापासून केस विंचरायच्या फणीपर्यंत, बाईच्या वर्षात जे जे असायला हवं ते सगळं दोन-तीन हात जमिनीवर.

या अंगणात आजचं मानसशास्त्र दडलेलं होतं, असं सांगण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. ती गौरीची, माहेरी आलेल्या लेकीची पूजा होती. कैरीची डाळ, पन्हं आणि हरभऱ्याची ओटी देऊन साजरी होणारी. तरीही एक गोष्ट मला विलक्षण वाटते. शिरगोळ्याची ती पांढरी भुकटी टिकत नाही. वारा येतो, कोंबडी फिरते, सडा पडतो, की पुन्हा सगळं काढा. पुठ्ठा एकदा चिकटवला की वर्षभर तसाच राहतो आणि आठवड्याभरात दिसेनासा होतो. कॅलेंडरच्या शेजारी काय टांगलंय हे घरातल्या कुणाला विचारून बघा. न बदलणाऱ्या गोष्टीकडे मेंदू कानाडोळा करतो. डोळ्याचाही स्वभाव तोच. 1804 मध्ये इग्नात्स ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने लिहून ठेवलं, की एका ठिपक्यावर नजर रोखून ठेवली तर कडेचे रंग हळूहळू विरून जातात. चैत्रांगणाला विरून जायला सवडच मिळत नाही. हाताला रोज फणी काढावी लागते, रोज कासव काढावं लागतं.

लोह्याकडे डिसेंबरअखेर वेगळंच वर्ष चालू असतं. मार्गशीर्षाची अमावस्या म्हणजे येळवस. 2024 मध्ये ती 30 डिसेंबरला आली. शहरात लोक एकतीस तारखेच्या तयारीत, आणि नांदेड, लातूर, धाराशिवची गावं ओस. सगळे शेतात. कडब्याची कोप उभारायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. भज्जी, उंडे, आंबील, खीर, कोंदीच्या पोळ्या. काळ्या आईची ओटी भरायची आणि येईल त्याला जेवायला बसवायचं. तेव्हा शेतात काय असतं बघा. ज्वारी निम्म्यात, हरभरा घाट्यावर यायचा, करडई काटेरी. पीक ना नुकतं पेरलेलं, ना हाती आलेलं. धुकं पडलं, अळी लागली, तर गेलं. मागणं मागायला याहून नेमकी वेळ नसेल. हवं ते आणि त्याच्या आड येणारं, दोन्ही एकाच वावरात उभं असतं.

ऑटिंगन बाईंचा उपाय हाच आहे. आधी इच्छेचं चित्र, लगेच त्याच्या शेजारी आपल्याच आतला अडथळा. क्रमही महत्त्वाचा. आधी अडथळ्याचं रडगाणं आणि मग स्वप्न, असं केलं तर गुण येत नाही.

याच दिवसांत माळेगावची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, कुस्त्या, लावणी, शेतीचं प्रदर्शन, आणि नवस. नवसाची बांधणी अशी: अमुक झालं, तर मी तमुक करीन. करणं येतं ते फळ मिळाल्यानंतर. पेटर गोल्वित्सर या दुसऱ्या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी, हे ऑटिंगन बाईंचे यजमान, जवळजवळ तीच बांधणी फळाच्या आधी आणली: अमुक वेळ आली, की मी तमुक करीन. 1997 मध्ये त्यांनी आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी विद्यार्थ्यांना नाताळाची संध्याकाळ कशी गेली ते दोन दिवसांत लिहून पाठवायला सांगितलं. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधीच ठरवलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ते वेळेत पाठवलं. नुसत्या ‘हो, पाठवतो’ म्हणणाऱ्यांपैकी एक तृतीयांशांनी. नाताळच्या सुट्टीत गृहपाठ! ठरवलेली वेळ आली की मग मनाशी वाद घालावा लागत नाही. ती वेळच माणसाला उठवते.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. कृषी खातं दर जूनला सांगतं, की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. मृगाचा पहिला शिडकावा बघून हात शिवशिवतात. ज्याने आकडा आधी ठरवून ठेवलाय तो थांबतो, बाकीच्यांच्या नशिबी दुबार पेरणी.

मुहूर्ताचंही थोडं खरं आहे. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी 2014 मध्ये दाखवलं, की नवा आठवडा, नवा महिना, नवं वर्ष लागलं की लोक व्यायामशाळेत जास्त जातात आणि इंटरनेटवर डाएट जास्त शोधतात. ज्यांना वर्षाला एकच एक जानेवारी मिळते त्यांची कीव यावी. आपल्याकडे पाडवा आहे, त्या दिवशी सालगड्याचं साल नव्याने ठरतं, रोख किती नि धान्य किती ते तोंडावर बोलून. जूनमध्ये मृग आणि शाळा. दिवाळीच्या पाडव्याला दुकानदाराची वही.

आता त्या लातूरच्या खोलीतल्या कागदाचं. स्टेथोस्कोप काढून टाकू नये, डाव्या हाताला तो राहू द्यावा. उजवीकडे मात्र मोबाईलचं चित्र चिकटवावं, कारण आडवा येतो तो तोच. खाली लिहावं: मेसवरून परत आलो, की मोबाईल घरमालकिणीच्या फळीवर आणि फिजिक्सची वीस गणितं. आणि रविवारी हा कागद फाडून नवा लिहावा, स्वतःच्या हाताने.