बेरीज पुरुषांना, वजाबाकी बायकांना

महिलांच्या शरीरसौष्ठव स्पर्धांत ‘बिकिनी’ नावाचा गट असतो म्हटलं की कुणी नाक मुरडतं, कुणी त्याची रवानगी थेट सौंदर्यस्पर्धेत करतं. नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की दोन तुकड्यांचा पोशाख या स्पर्धांच्या जवळपास सगळ्याच महिला गटांत असतो; अंग झाकलं तर पंच बघणार काय? खरा फरक निकषांत आहे. मूळ शरीरसौष्ठव गटातली स्पर्धक अनवाणी येते, डबल बायसेप्स, साइड चेस्ट अशा ठरलेल्या पोझ देते आणि स्नायू जितके भरीव, रेखीव तितकी तिची बाजू भक्कम. बिकिनी गटातली स्पर्धक उंच टाचांवर चालत येते, कमरेवर हात ठेवून आधी समोरून, मग पाठमोरी उभी राहते. खांदे, कंबर, नितंब यांचं प्रमाण बघितलं जातं. त्वचा, केस, वावर यांचाही विचार होतो. स्नायू मात्र प्रमाणाबाहेर पीळदार झाले तर त्याचा फटका बसतो. म्हणजे एका गटात जी कमाई, तीच दुसऱ्यात चूक.

म्हणून बिकिनी गट रद्दच करावा, असं म्हणणं मात्र घाईचं होईल. त्याचा दोष त्याच्या असण्यात नाही, तो कोणत्या क्रमाने आला यात आहे. ‘मिस ऑलिम्पिया’ ही महिलांची शरीरसौष्ठव स्पर्धा 1980 साली सुरू झाली आणि रेचल मॅक्लिश पहिली विजेती ठरली. तीनच वर्षांनी, 1983च्या सीझर्स वर्ल्ड कप या स्पर्धेत, सगळ्यांहून भरदार अंगाची बेव्ह फ्रान्सिस आठवी आली. बाईने किती स्नायू कमवावेत, हा वाद ‘पंपिंग आयर्न 2’ या माहितीपटात नोंदला गेला. पुढे या वादावर तोडगा म्हणून गट वाढत गेले. ऑलिम्पियात 1995 साली फिटनेस, 2003 साली फिगर, 2010 साली बिकिनी. या सगळ्यांत मूळ गटापेक्षा स्नायूंची अपेक्षा कमी. याच काळात, 2005च्या हंगामासाठी, आयएफबीबी या आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघाने महिला स्पर्धकांना स्नायू 20 टक्क्यांनी कमी करण्याची सूचना दिली. 2013 नंतर ‘मिस इंटरनॅशनल’ ही शरीरसौष्ठव स्पर्धा बंद पडली आणि 2014 नंतर खुद्द ‘मिस ऑलिम्पिया’च थांबली. त्या वर्षी आयरिस काइलने आपलं दहावं विजेतेपद मिळवलं होतं.

आता पुरुषांकडे बघा. तिथेही 2013 साली ‘मेन्स फिजिक’ हा तुलनेने हलक्या बांध्याचा गट ऑलिम्पियात आला. त्यात स्पर्धक गुडघ्यापर्यंतची चड्डी घालतात आणि अति भरदार असणं तिथेही चालत नाही. 2016 साली ‘क्लासिक फिजिक’ आला. पण म्हणून 1965पासून चाललेली ‘मिस्टर ऑलिम्पिया’ कुणी गुंडाळली नाही की पुरुषांना स्नायू उतरवायला सांगितलं नाही. पुरुषांच्या वाट्याला पर्यायांची बेरीज आली. बायकांना एक पर्याय देताना दुसरा हातातून काढून घेतला गेला.

यावर आयोजकांचं उत्तर ठरलेलं असतं: पीळदार बायका बघायला प्रेक्षक येत नाहीत, प्रायोजक मिळत नाहीत. पण मंच, बक्षीस आणि प्रसिद्धी हळूहळू आखडती घ्यायची आणि मग गर्दी नाही म्हणायचं, हा पुरावा झाला नाही. 2015पासून ‘विंग्ज ऑफ स्ट्रेंग्थ’ने ‘रायझिंग फिनिक्स’ ही स्पर्धा भरवून या खेळाडूंना जागा दिली. त्याच संस्थेच्या जेक वुड यांनी 2020 साली ऑलिम्पिया विकत घेतली आणि त्याच वर्षी ‘मिस ऑलिम्पिया’ परतली. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एवढे स्नायू औषधांशिवाय होत नाहीत, मग कमी स्नायूंचा गट आरोग्याला बरा नाही का? उत्तेजकांचा धोका खराच, आणि स्त्रीच्या शरीरावर त्याचे काही परिणाम कायमचे राहतात. पण तो धोका पुरुषांच्या मंचावरही आहे आणि तिथे गट बंद करणं हा उपाय कुणाला सुचला नाही. तिथे जी चाचणी मागायची, ती इथेही मागावी. शिवाय हलका गट म्हणजे निर्धोक गट नव्हे. फिनलंडमध्ये फिटनेस प्रकारांतल्या 27 स्पर्धक महिलांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. स्पर्धेपूर्वीच्या कडक आहारामुळे त्यांच्या संप्रेरकांची पातळी घसरली, काहींची पाळी बिघडली. तीन-चार महिन्यांनी बहुतेक गोष्टी पूर्ववत झाल्या, तरी थायरॉइडचं टी-3 आणि टेस्टोस्टेरॉन पूर्ण सावरलं नव्हतं.

हाच अभ्यास ‘ही तर नुसती सौंदर्यस्पर्धा’ म्हणणाऱ्यांनाही उत्तर देतो. स्क्वॉट, हिप थ्रस्टचे वजनदार सेट मारून, महिनोन् महिने ताटातला घास मोजून घडवलेलं शरीर आयतं मिळत नाही. ज्या मुलीला वजनं उचलायची आहेत, पण भरदार व्हायचं नाही, तिला या गटाने दार उघडून दिलं. ते बंद करणं म्हणजे पुन्हा दुसऱ्याने बाईच्या शरीराचं माप ठरवणं. तेव्हा बिकिनी गट राहावा, फक्त दोन अटींवर. केस आणि चेहऱ्यामोहऱ्याचे गुण काढून टाकावेत आणि प्रमाणबद्धतेचे निकष आधीच स्पष्ट मांडावेत, म्हणजे निकाल पंचांच्या आवडीवर कमी आणि स्पर्धकाच्या मेहनतीवर जास्त ठरेल. आणि जिला दंड फुगवायचे आहेत तिचा मंच, तिचं बक्षीस शाबूत ठेवूनच बाकीचे गट भरवावेत. पुरुषांच्या बाबतीत ही गोष्ट मागावीही लागली नाही.