तुलौ : मातीच्या गोल वाड्यातला मुक्काम

चीनच्या फुजियान प्रांतातील डोंगराळ भागात मातीचे अवाढव्य सामुदायिक वाडे आहेत. त्यांना तुलौ म्हणतात. 15व्या ते 20व्या शतकांत बांधलेल्या अशा 46 वास्तू 2008 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. मोठ्या तुलौत 800 पर्यंत माणसे राहू शकत.

बाहेरची भिंत चोपून घट्ट केलेल्या मातीची, खाली जाड आणि वर निमुळती असते. खालच्या मजल्यांना बाहेरून खिडक्या नसतात. चोर-दरोडेखोरांपासून बचावासाठी ही रचना झाली. आत मात्र लाकडी सज्जे, मोकळे अंगण आणि विहीर. प्रत्येक कुटुंबाकडे खोल्यांची उभी रांग असते : तळाला स्वयंपाकघर, त्यावर धान्याचे कोठार, वर झोपायच्या खोल्या.

आज फुजियानमधील योंगदिंग व नानजिंग परिसरातील काही तुलौंमध्ये पाहुण्यांची सोय होते. मुलांना अख्खे अंगण खेळायला मिळते. मात्र लाकडी जिने उभे असतात, खोल्या लहान असतात आणि जुन्या वाड्यांत स्वच्छतागृह बहुधा खाली किंवा बाहेर असते. त्यामुळे आजी-आजोबा सोबत असतील, तर खालच्या मजल्यावरची किंवा शेजारच्या नव्या इमारतीतली खोली घेणे सोयीचे. जवळच्या मोठ्या शहरांपैकी एक शियामेन.