पटाला तीन घरं जास्त असती तर

पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. बुद्धिबळाच्या पटाची ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. चौसष्ट घरांचे मिळून दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५, म्हणजे १८४ परार्धांच्या वर. एवढी अगडबंब संख्या पाहिली की वाटतं, हिचे अवयव पाडणं काही आपल्याच्यानं व्हायचं नाही.

प्रत्यक्षात ती अगदी गरीब आहे. शेवटी ५, म्हणजे पाचने भाग जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणजे तीननेही. आणि ही संख्या २ चा ६४ वा घात उणे १ असल्यामुळे पुढचं काम शाळेतलं अ² − ब² चं सूत्रच करून टाकतं. घात चौसष्टचा बत्तीस, बत्तीसचा सोळा असा निम्मा करत गेलं की संख्या आपोआप फुटते: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. यातला शेवटचा तेवढा दगा देतो. गणितज्ञ फर्मा त्याला मूळ संख्या समजत होते. त्याला ६४१ ने भाग जातो हे ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवलं.

आता पटाला फक्त तीन घरं जोडा. दाणे जवळजवळ आठपट होतात: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. पण ६७ ही स्वतःच मूळ संख्या, तिचे निम्मे होत नाहीत. मग दाण्यांची संख्याही मूळच असणार! हा समज भल्याभल्यांचा. मर्सेन यांनी १६४४ मध्ये तिला मूळ संख्यांच्या यादीत बसवलं होतं. घात मूळ म्हणून संख्या मूळ, असा नियम मात्र नाही. अकराच घेऊन पाहा: २ चा ११ वा घात उणे १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९.

आणखी एक समज मला सगळ्यांत गमतीचा वाटतो. संख्या संयुक्त आहे म्हणायचं, तर तिचा एखादा तरी अवयव दाखवायला नको का? नको. मूळ संख्येला ज्या कसोटीला उतरावंच लागतं, तिच्यात ६७ घरांची ही संख्या नापास होते, हे लुका यांनी १८७६ मध्ये सिद्ध केलं. अवयव त्यांनाही ठाऊक नव्हते. चोरी झाली हे नक्की, चोर बेपत्ता.

शोध अगदीच आंधळा नव्हता. हिचा कुठलाही मूळ अवयव १३४ च्या, म्हणजे ६७ च्या दुपटीच्या, पटीत एक मिळवूनच यावा लागतो. तरी पहिला अवयव बसला होता अशा चौदा लाखांवर पायऱ्यांपलीकडे: १३४ × १४,४५,५८० + १ = १९,३७,०७,७२१.

तो अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांना सापडला. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत त्यांनी म्हणे एका फळ्यावर २ चा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला. दुसऱ्यावर १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने हातानं गुणलं. दोन्हीकडे तीच संख्या आली, आणि कोल एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले. हे शोधायला किती वेळ लागला, असं पुढे गणितज्ञ ई. टी. बेल यांनी विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं: तीन वर्षांचे रविवार.